किती बोटी बांधल्या आणि किती बोटी आल्या: शिडांच्या शर्यतीतली लोकप्रियता मोजायची कशी?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे हा विषय आमच्या डोक्यात कुठून आला ते तुम्हाला कळेल.

आम्ही काही जण मिळून एका धरणाच्या पाण्यावर शिडाच्या बोटी चालवतो. क्लब म्हणावा इतकं मोठं काही नाही. एक पत्र्याची शेड, एक मोटरबोट, आणि दर वर्षी पैशांवरून होणारी भांडणं, एवढाच पसारा. काही वर्षांपूर्वी आम्हाला सहा वापरलेल्या बोटी एकदम आणि स्वस्तात मिळत होत्या. बोट चांगली होती, नाव मुद्दाम सांगत नाही. विकणाऱ्याच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं की या प्रकारच्या हजारो बोटी जगभर आहेत. आम्ही म्हटलं, हजारो लोक काही चुकणार नाहीत. वर्गणी काढली, बोटी आल्या. पहिल्या वर्षी सहाही पाण्यात होत्या. दुसऱ्या वर्षी एकीची डोलकाठी वाकली, तर तशी डोलकाठी आम्हाला कुठे मिळेना. तिसऱ्या वर्षी मुलं तयार झाली आणि बाहेरगावी स्पर्धेला जाऊ म्हणाली, तर त्या बोटीची शर्यतच जवळपास कुठे होत नव्हती. आज त्यातल्या दोन बोटींत आम्ही पावसाळ्यात ताडपत्र्या ठेवतो.

आता बघा, त्या कागदावरचा आकडा खोटा नव्हता. तेवढ्या बोटी खरंच बांधल्या गेल्या होत्या. पण आम्हाला हवी होती ती एक गोष्ट, आणि तो आकडा सांगत होता भलतीच. तेव्हापासून आम्ही हा प्रश्न जरा नीट बघायला लागलो, की अमुक क्लास लोकप्रिय आहे म्हणजे नक्की काय? आणि ते मोजायचं कसं?

ज्यांना शिडाच्या शर्यतींची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. शर्यत दोन तऱ्हेने लावता येते. एक, वेगवेगळ्या बोटी एकत्र सोडायच्या आणि वेगवान बोटीच्या वेळेला हिशेबाने कात्री लावायची. दुसरी तऱ्हा, सगळ्यांच्या बोटी एकाच आराखड्याच्या, एकाच मापाच्या, शीडसुद्धा तेच. जो आधी पोचला तो जिंकला, गणित नाही, वाद नाही. याला वन-डिझाइन म्हणतात, आणि अशा एकेका बोटीच्या कुटुंबाला म्हणतात क्लास.

याची सुरुवात सहसा आयर्लंडपासून धरतात. १८८७ साली डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर थॉमस मिडलटन आणि त्याच्या मंडळींनी 'वॉटर वॅग' नावाच्या छोट्या बोटींचा ताफा उभा केला. त्या काळची अडचण अशी होती की पैसेवाला माणूस नवी, आणखी वेगवान बोट बांधून आणायचा आणि बाकीच्यांच्या धडधाकट बोटी एका रात्रीत जुन्या व्हायच्या. मिडलटनचा उपाय साधा होता, सगळ्यांची बोट सारखी. पुढे १९००च्या सुमारास त्या मंडळींनी आराखडाच बदलला, म्हणजे जगातल्या पहिल्या वन-डिझाइन क्लासनेसुद्धा एकदा डिझाइन बदललेलं आहे! त्या दुसऱ्या आराखड्याच्या बोटी डन लिअरीच्या बंदरात अजून शर्यती करतात. त्यांची संख्या जेमतेम काही डझन आहे. हे लक्षात ठेवा, आपण याकडे परत येणार आहोत.

मुद्दा असा की वन-डिझाइन बोट एकटी असेल तर शर्यतीच्या दृष्टीने तिची किंमत शून्य. टेलिफोनसारखं आहे ते. गावात एकच टेलिफोन असेल तर फोन लावणार कुणाला? शेजारच्याने तीच बोट घेतली की माझ्या बोटीची किंमत वाढते, त्याने विकली की कमी होते. क्रिकेटची बॅट घेताना आपण शेजारी कुठली बॅट वापरतो ते बघत नाही. इथे ते आधी बघावं लागतं. म्हणून इतर वस्तूंच्या बाबतीत लोकप्रियता ही गप्पांची गोष्ट असेल, इथे ती वस्तूचाच एक भाग आहे, शीड आणि सुकाणू जसा असतो तसा.

तर मोजायचं कसं? सगळ्यांत सोपं म्हणजे बांधलेल्या बोटी मोजायच्या. बहुतेक क्लासमध्ये प्रत्येक बोटीला क्रमांक मिळतो आणि तो शिडावर मोठा लिहिलेला असतो. शेवटचा क्रमांक बघा, झालं. या मापाने मोठी नावं कोणती येतात? 'सनफिश' ही अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरी इथे १९५०च्या दशकात सुरू झालेली सपाट छोटी बोट, तीन लाखांहून जास्त झाल्या असं सांगतात. ब्रूस कर्बी यांनी आखलेली 'लेझर' १९७१ साली बाजारात आली, ती दोन लाखांच्या पुढे गेली. लहान मुलांची 'ऑप्टिमिस्ट' क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडात क्लिअरवॉटर इथे प्लायवूडमधून बनवली, ती दीड लाखाच्या वर गेली. आणि ब्रिटनची 'मिरर'. १९६२च्या सुमाराची ही बोट 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने पुढे आणली, जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखली, आणि घरी बसून जोडायच्या सामानाच्या स्वरूपात ती विकली जायची. लाल शिडाच्या या बोटी सत्तर हजारांच्या पुढे गेल्या.

आता या यादीत 'स्टार' ठेवा. १९११ सालची दोन माणसांची बोट. शंभर वर्षांहून जास्त काळ होऊनही तिचे क्रमांक साडेआठ हजारांच्या आसपासच आहेत. सनफिशपुढे ही बोट म्हणजे काहीच नाही. पण स्टार १९३२ ते २०१२ या काळात, १९७६चा अपवाद सोडला तर, प्रत्येक ऑलिंपिकमध्ये होती. ब्राझीलचा रॉबर्ट शाइट लेझरमध्ये १९९६ आणि २००४ची सुवर्णपदकं घेऊन मग स्टारमध्ये गेला आणि तिथेही २००८ला रौप्य, २०१२ला कांस्य घेऊन आला. जगातले उत्तम खलाशी ज्या बोटीवर एकमेकांना भिडतात ती बोट, आणि सुट्टीच्या रिसॉर्टवर वाळूत उलटी ठेवलेली बोट, यांची तुलना एका आकड्यात कशी व्हायची?

बांधलेल्या बोटींचा आकडा फक्त वर जातो, खाली कधीच येत नाही. हा त्याचा मूळ दोष. एखाद्या गावात आजवर किती माणसं जन्मली हे मोजून आज गावात किती लोक राहतात ते सांगण्यासारखं आहे हे. मिररच्या त्या सत्तर हजारांतल्या कितीतरी गॅरेजमध्ये असतील, कितीतरी कुजल्या असतील. शिवाय सनफिश घेणाऱ्या बहुतेकांनी ती शर्यतीसाठी घेतलेलीच नव्हती. संध्याकाळी तळ्यात चक्कर मारायची, बस. त्यात वाईट काही नाही, पण शर्यत शोधणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय?

मग लोक म्हणतात, क्लासच्या संघटनेचे सभासद मोजा. इथे निदान दर वर्षी पैसे भरावे लागतात, त्यामुळे मेलेला आकडा गळून पडतो. पण मोठ्या स्पर्धेला जायचं तेव्हाच सभासदत्व लागतं, त्यामुळे दर रविवारी आपल्याच तळ्यात शर्यत करणारा माणूस पैसे भरत नाही. काही क्लासमध्ये अख्खा क्लब मिळून एक सभासद असतो. त्यापुढे या मापाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

तिसरं माप सगळ्यांत चर्चेचं. राष्ट्रीय किंवा जागतिक स्पर्धेला किती बोटी आल्या? ब्रिटनमध्ये राष्ट्रीय स्पर्धांच्या उपस्थितीची यादी दर वर्षी लोक क्रिकेटच्या गुणतक्त्यासारखी वाचतात. हे माप पहिल्या दोघांपेक्षा चांगलं आहे, कारण इथे माणूस रजा काढून, बोट गाडीला जोडून खरंच आलेला असतो. पण इथेही खड्डे आहेत.

पहिला खड्डा मर्यादेचा. ऑप्टिमिस्टच्या जागतिक स्पर्धेत एका देशाची जास्तीत जास्त पाचच मुलं उतरू शकतात. म्हणजे तिथला आकडा मुलं मोजत नाही, देश मोजतो. ज्या देशात दहा हजार मुलं ही बोट चालवतात त्याचीही पाच, आणि जिथे वीस मुलं आहेत त्याचीही पाचच. ऑलिंपिकच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा, कारण तिथे खेळ किती देशांत पसरलाय हे बघतात. आपल्या गावात तो निरुपयोगी.

आणि मर्यादा काढली तर? इटलीत गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला रिवा नावाचं गाव आहे. तिथे वसंतात, ईस्टरच्या आसपास, ऑप्टिमिस्टचा मोठा मेळा भरतो. २०१२ साली तिथे १,०५५ मुलं उतरली आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. पांढऱ्या चौकोनी डबड्यांनी सरोवर भरून गेलेलं असतं. पण यातलं किती श्रेय बोटीचं आणि किती गार्डाचं? तिथे दुपारी दक्षिणेकडून 'ओरा' नावाचा वारा घड्याळ लावल्यासारखा येतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड सगळं गाडीच्या टप्प्यात. शाळांना सुट्टी, आईवडिलांना सहल. तीच स्पर्धा एखाद्या वारा पडलेल्या, आडवळणाच्या खाडीत ठेवली तर मुलं तीच, बोट तीच, पण आकडा कितीतरी खाली येईल. त्यामुळे एका वर्षाच्या उपस्थितीवर कधी जाऊ नये. निदान चार-पाच वर्षं आणि वेगवेगळ्या जागा बघाव्यात.

दुसरा खड्डा आणखी खोल. समजा एका क्लासच्या वार्षिक स्पर्धेला ३० बोटी येतात, तीन दिवस शर्यती होतात आणि उरलेलं वर्ष त्या बोटी झाकून ठेवलेल्या असतात. तीन गुणिले तीस, ९० 'बोट-दिवस' झाले. दुसऱ्या क्लासच्या एका क्लबात फक्त ८ बोटी आहेत, पण पावसाळा सोडून वर्षाचे ३० रविवार त्या पाण्यात असतात. हे झाले २४० बोट-दिवस. उपस्थितीच्या यादीत पहिला क्लास वर, दुसरा कुठेच नाही. तुम्हाला मुलाला शर्यत शिकवायची आहे, तर कुठे पाठवाल?

बोट-दिवस मोजायला कुणी बसलेलं नसतं हे खरं. पण एक जागा आहे जिथे हे आपोआप थोडंफार मोजलं जातं. मघाशी म्हटलं ना, वेगवेगळ्या बोटी एकत्र सोडून वेळेचा हिशेब करतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी 'पोर्ट्समथ यार्डस्टिक' नावाची पद्धत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. प्रत्येक क्लासला एक आकडा असतो. लेझरचा ११००च्या जवळपास, एंटरप्राइझचा ११२०च्या आसपास. लागलेला वेळ गुणिले हजार, भागिले तो आकडा. लेझरला ५५ मिनिटं लागली आणि एंटरप्राइझला ५६, तर दोघांचे हिशेबाने ५०च झाले, बरोबरी. हे आकडे ठरवायला देशभरचे क्लब आपापल्या शर्यतींचे निकाल पाठवतात. म्हणजे वेग ठरवता ठरवता, कोणत्या क्लासच्या किती बोटी किती शर्यतींत उतरल्या याचीही नोंद होऊन जाते. ज्या क्लासची माहिती पुरेशी येत नाही त्याचा आकडा कच्चा म्हणून वेगळा दाखवतात. एखादा क्लास पक्क्या यादीतून कच्च्या यादीत गेला की समजावं, रविवारचं येणं कमी झालंय.

आम्हाला हे माप फार आवडलं होतं. मग आमच्यातल्याच एकाने बरोबर बोट ठेवलं. तो म्हणाला, "अरे, ज्या क्लासच्या एका क्लबात पंचवीस बोटी आहेत त्यांना ही कात्री लागतेच कशाला? ते स्वतःचीच शर्यत लावणार." अगदी खरं! जो क्लास सगळ्यांत जोरात चालतो तो या नोंदीत कमी दिसतो, आणि जिथे एकेकटी बोट इतरांच्यात मिसळून पळते ती जास्त दिसते. वन-डिझाइनचं यश मोजायला निघालो आणि नेमकं यशच निसटलं. तेव्हापासून हे माप आम्ही घसरण ओळखायला वापरतो, उंची ओळखायला नाही.

आता थोडं गणित, घाबरू नका. समजा एका क्लासच्या बोटी दहा क्लबांत आहेत. नऊ क्लबांत चार-चार, आणि एका क्लबात चाळीस. एकूण बोटी ७६. क्लबामागे सरासरी किती? ७.६. क्लासचा सेक्रेटरी हाच आकडा सांगेल. पण तुम्ही त्या बोटी चालवणाऱ्यांनाच विचारलं, "तुमच्या क्लबात किती बोटी आहेत?", तर चाळीस जण म्हणतील चाळीस आणि छत्तीस जण म्हणतील चार. त्यांच्या उत्तरांची सरासरी येते जवळजवळ २३. दोन्ही सरासऱ्या बरोबर आहेत. एक क्लबाच्या बाजूने काढली, एक माणसाच्या बाजूने. त्यामुळेच एखाद्या क्लासचे लोक भेटले की ते उत्साहाने सांगतात, आमच्याकडे केवढी गर्दी असते! ते खोटं बोलत नाहीत. गर्दीतली माणसंच जास्त भेटतात, एवढंच. आणि तुम्ही त्या मोठ्या क्लबाजवळ राहत नसाल तर तुमच्या वाट्याला येणार चार बोटी. त्यातली एक नादुरुस्त आणि एकाच्या भावाचं लग्न, म्हणजे रविवारी दोन.

यावर उपाय म्हणून आम्ही एक वही घातली. तुम्हालाही घालता येईल, खर्च काही नाही. स्पर्धांचे निकाल कुठे ना कुठे लागलेले असतात आणि त्यात शिडाचे क्रमांक असतात. ते उतरवून काढायचे. त्यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली म्हणजे चालत्या बोटी किती असतील याचा अंदाज. तळ्यातले मासे मोजणारे लोक काय करतात? काही मासे पकडून खूण करून सोडतात, पुन्हा जाळं टाकतात आणि त्यात खुणेचे किती आले ते बघतात. आपल्या बोटींवर तर खूण आधीच रंगवलेली आहे. समजा एका स्पर्धेला ४० बोटी आल्या, पुढच्या स्पर्धेला ५०, आणि त्यांतले २० क्रमांक दोन्हीकडे दिसले. चाळीस गुणिले पन्नास भागिले वीस, म्हणजे शंभर. या भागात शर्यतीला येणाऱ्या साधारण शंभर बोटी आहेत असं धरायला हरकत नाही. यातही गोम आहेच. हौशी लोक दोन्हीकडे जातातच, त्यामुळे अंदाज थोडा कमी येतो. उलट दोन स्पर्धा एकमेकींपासून फार लांब असल्या तर समान क्रमांक कमी आणि अंदाज फुगलेला. म्हणून जवळच्या, पण एकाच क्लबाच्या नसलेल्या स्पर्धा निवडायच्या.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. क्रमांकांचं वय बघायचं. आलेल्या बोटी सगळ्या नव्या क्रमांकाच्या असतील तर समजा की जुनी बोट घेऊन इथे टिकता येत नाही, दर काही वर्षांनी पैसे ओतावे लागतात. मिडलटनने ज्या रोगावर औषध काढलं तोच रोग परत आला. सगळे क्रमांक जुने असतील तर नवं कुणी येत नाही, क्लास म्हातारा होतोय. नवे-जुने मिसळलेले असतील आणि पहिल्या दहांत एखादा जुना क्रमांक दिसला, तर तिथे डोळे झाकून जावं.

मधल्या रांगेतून एक प्रश्न आलाय, तो आत्ताच घेऊ. "लेझर आणि इल्का या वेगळ्या बोटी आहेत का?" फार चांगला प्रश्न. बोट एकच. बोट बांधणारी एक कंपनी आणि क्लासची संघटना यांच्यात वाद झाला आणि २०१९ साली संघटनेने बोटीचं नाव आपल्या आद्याक्षरांवरून इल्का केलं. मोजणाऱ्याचे हाल बघा, एकाच बोटीच्या नोंदी दोन नावांखाली. त्यात भर म्हणजे एकाच सांगाड्यावर तीन मापांची शिडं लागतात, इल्का ४, ६ आणि ७. वजनाने हलक्या मुलांना छोटं शीड, मोठ्यांना मोठं. आपल्या नेहा ठाकूरने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं ते इल्का ४मध्ये, आणि त्याच स्पर्धेत विष्णू सरवणनने कांस्य मिळवलं ते इल्का ७मध्ये. आता हा एक क्लास धरायचा की तीन? शर्यतीला तीन वेगळ्या सुरुवाती लागतात, त्या अर्थी तीन. पण मुलगी मोठी झाली की बोट तीच ठेवून डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलतं, त्या अर्थी एकच. आमच्या मते विकत घेणाऱ्याने एक धरावा, शर्यत लावणाऱ्याने तीन.

माणसं मोजायची की बोटी, हाही असाच घोटाळा आहे. स्टार, स्नाइप, एंटरप्राइझ या दोघांच्या बोटी. वीस बोटी म्हणजे चाळीस माणसं. चाळीस ऑप्टिमिस्ट म्हणजेसुद्धा चाळीसच. आणि ऑप्टिमिस्टमधून तर ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात त्या वर्षानंतर नियमानेच बाहेर पडावं लागतं. सात-आठ वर्षांत अख्खा क्लास बदलतो. तिथे किती आहेत यापेक्षा दर वर्षी किती नवी येतात हे बघायला हवं.

आणि कधी कधी लोकप्रियता कुणीतरी ठरवून दिलेली असते. जपानमध्ये विद्यापीठांच्या शर्यती स्नाइप आणि फोर-सेव्हन्टी या दोन बोटींवर होतात. स्नाइप १९३१ सालची, अमेरिकेत विल्यम क्रॉस्बी यांनी आखलेली. नव्वद वर्षांहून जुनी ही बोट तिथे दर वर्षी नव्या मुलांच्या हाती येते, कारण नियम तसा आहे. ऑलिंपिकचंही तेच. क्लास आत असेपर्यंत सरकारी पैसा येतो, प्रशिक्षक येतात, आकडे फुगतात. 'फिन' नावाची एकट्याची बोट १९५२पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, पॅरिसला नव्हती. अशा क्लासचं खरं माप बाहेर पडल्यानंतरच्या पाच वर्षांत कळतं. स्टार बाहेर पडली तरी तिच्या जागतिक स्पर्धा चालूच आहेत, लोक स्वतःच्या खिशातून खर्च करून येतात.

आपल्याकडे तर हा मुद्दा जास्तच लागू. भारतातलं बरंचसं सेलिंग लष्कर, नौदल आणि क्लबांच्या जोरावर चालतं. बोट खाजगी मालकीची नसते, एकाच बोटीवर सकाळी एक मुलगा, दुपारी दुसरा. त्यामुळे मालक मोजून काहीच कळत नाही. १९८२च्या आशियाई स्पर्धा दिल्लीला झाल्या, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि त्यात एंटरप्राइझ होती. आज आशियाई स्पर्धेत ती नाही, ब्रिटनमध्येही तिचा बहर ओसरला, पण आपल्याकडे ती अजून चालते, कारण बोटी होत्या, शिकवणारे होते आणि सुटे भाग करून देणारी माणसं होती. जगाच्या यादीत खाली आणि आपल्या धक्क्यावर वर, असं होऊ शकतं. आणि आता ते डब्लिनचे वॉटर वॅग आठवा. जगात काही डझन बोटी, पण सगळ्या एकाच बंदरात, आणि शर्यतीला एकत्र उतरतात. या बोटी जगाच्या कुठल्याही यादीत दिसणार नाहीत. त्या बंदरात राहणाऱ्याला मात्र याहून लोकप्रिय क्लास दुसरा कुठला?

तर आम्ही शेवटी काय केलं, हे बऱ्याच जणांनी चिठ्ठीवर विचारलंय. आम्ही नकाशावर एक वर्तुळ काढलं, बोटी टेम्पोत घालून एका रात्रीत जिथवर जाता येईल तेवढं. त्या वर्तुळात गेल्या तीन वर्षांत ज्या ज्या स्पर्धा झाल्या त्यांचे निकाल मिळवले आणि वहीत क्रमांक उतरवले. कुठल्या क्लासची सुरुवात दर वेळी झाली, कुठल्या क्लासची बोटी कमी म्हणून रद्द झाली, तेही लिहिलं. हा रद्द झालेल्या सुरुवातींचा रकाना कुठल्याच यादीत नसतो आणि तोच सगळ्यांत बोलका निघाला. मग फोन केले. "तुमच्याकडे किती बोटी आहेत?" असं विचारलं की लोक शेडमधल्या सगळ्या मोजून सांगतात. म्हणून आम्ही विचारायचो, "गेल्या रविवारी रेषेवर किती होत्या?" काही ठिकाणी लांबलचक उत्तर यायचं, वारा नव्हता, परीक्षा होत्या, वगैरे. चार वापरलेल्या इल्का घेतल्या, मोठ्या मुलांसाठी आणि लहानांसाठी अशी दोन मापांची शिडं घेतली. ऑप्टिमिस्ट घेतल्या नाहीत, कारण आमच्याकडची मुलं बारा-तेराव्या वर्षी येतात, दोन वर्षांत ती बोट सोडावी लागणार.

शेवटची चिठ्ठी, त्या जुन्या सहा बोटींचं काय झालं? दोन ताडपत्र्यांसाठी आहेत, सांगितलंच. एक सुट्या भागांसाठी मोडली. तीन एका जलविहाराच्या जागी विकल्या, तिथे लोक तासाच्या भाड्याने चक्कर मारतात. रविवारी रांग असते म्हणे. मजबूत, रुंद, सहजी न उलटणारी बोट आहे, त्या कामाला एकदम योग्य. आम्ही तिच्याकडून शर्यत मागत होतो.